पॅट समिटचा गौरव कशासाठी?

माझी आत्या अमरावतीला शारीरिक शिक्षण शिकली आणि निवृत्त होईपर्यंत महाविद्यालयात मुलींचे बास्केटबॉल संघ घडवत राहिली. अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाची पॅट समिट ही तिच्या लेखी या खेळातली सर्वांत मोठी प्रशिक्षक. मी खेळांवर लिहिते, आणि प्रशिक्षकांचे देव्हारे मांडायला माझा विरोध आहे. समिटवर लेख लिहायचं ठरलं तेव्हा आमचं जे बोलणं झालं, ते बहुतेक जसंच्या तसं देते आहे.

मी: सुरुवात आकड्यांनीच करावी लागेल, आत्या. १९७४ ते २०१२, एकाच विद्यापीठात ३८ हंगाम. १,०९८ विजय, २०८ पराभव, आठ राष्ट्रीय अजिंक्यपदं. आणि इतक्या वर्षांत एकही हंगाम असा गेला नाही, की पराभव विजयांपेक्षा जास्त झाले.

आत्या: आकड्यांनी सुरुवात केलीस तर लेख छापून यायच्या आधीच शिळा होईल. १,०९८ चा विक्रम राहिला कुठे? डिसेंबर २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या टॅरा व्हॅनडर्व्हीरनं तिला मागे टाकलं, पुढे कनेटिकटच्या जीनो ऑरिएमानंही टाकलं. ऑरिएमाची अजिंक्यपदंसुद्धा बारा झाली. मग आता काय, पॅटचं नाव घ्यायचं सोडून द्यायचं?

मी: तसं नाही गं. पण आकडे काढून घेतले तर उरतं काय? आठवणी आणि भाबडी स्तुती.

आत्या: कामं उरतात. १९७४ पासून बघ ना. बावीस वर्षांची मुलगी टेनेसी विद्यापीठात, नॉक्सव्हिलला, पदव्युत्तर शिक्षणासाठी येते. संघाला मदतनीस म्हणून हात लावायचा, एवढंच ठरलेलं. मुख्य प्रशिक्षक रजेवर जातात आणि सगळा संघ हिच्या गळ्यात पडतो. पगार महिन्याला २५० डॉलर. संघातल्या काही मुली हिच्याहून जेमतेम एखाद्या वर्षानं लहान. हिचा स्वतःचा गुडघा त्याच वर्षी कामातून गेलेला, आणि तो बरा करून हिला ऑलिंपिक खेळायचंय. वर्ग शिकवायचे, स्वतःचा अभ्यास करायचा, सराव घ्यायचा, मुलींचे घामेजलेले गणवेश घरी नेऊन धुवायचे, आणि परगावच्या सामन्याला व्हॅन स्वतः चालवत न्यायची. ते गणवेशही डोनट विकून जमवलेल्या पैशांचे. मुक्कामाला यजमान कॉलेजच्या जिममध्ये स्लीपिंग बॅगा पसरायच्या. पहिलाच सामना मर्सर विद्यापीठाकडून एका गुणानं हरली, ८४–८३. बघायला पन्नासएक माणसं.

मी: ही गोष्ट कष्टाची आहे म्हणून आपल्याला लगेच भावते. पण माझा आक्षेप इथेच आहे. एका बाईच्या जिद्दीची कथा सांगितली की तिच्यामागचं राजकारण झाकलं जातं. जून १९७२ मध्ये अमेरिकेत ‘टायटल नाइन’ कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, असं त्यात म्हटलं होतं. खेळांचा त्यात उल्लेखही नव्हता, पण विद्यापीठांना मुलींच्या संघांवर खर्च करणं भाग पडलं ते त्याच कायद्यामुळे. समिट प्रशिक्षक होण्याआधी टेनेसी विद्यापीठाच्या मार्टिन इथल्या शाखेत खेळत होती. तिच्या भावांना खेळासाठी शिष्यवृत्ती मिळाली होती. हिच्या शिक्षणाचे पैसे आई-वडिलांनी खिशातून भरले. बहीण भावांपेक्षा कमी खेळत होती म्हणून नव्हे. मुलींना शिष्यवृत्ती देण्याची सोयच नव्हती. तेव्हा गौरव करायचा असेल तर त्या कायद्यासाठी भांडलेल्या बायकांचा कर.

आत्या: त्यांचाही कर. मी कुठे अडवतेय? पण कायदा झाला म्हणून मैदानावर मुली उतरत नाहीत. कायद्यानं विद्यापीठाला संघ ठेवायला लावलं. तो संघ बघायला लोक यावेत, पेपरात त्याची बातमी यावी, बापानं मुलीला हौसेनं सरावाला पाठवावं, हे कुठल्या कलमानं झालं? आणि शाळांचं काय? टेनेसीच्या शाळांत मुली सहाजणींचा बास्केटबॉल खेळायच्या, माहितीय?

मी: वाचलंय. तिघी हल्ला करणाऱ्या, तिघी बचाव करणाऱ्या.

आत्या: आणि मधली रेघ कुणी ओलांडायची नाही. बचावातल्या मुलीनं सगळं शालेय आयुष्य खेळून एकदाही बास्केट टाकलेली नसायची. कारण काय, तर मुलींना पूर्ण कोर्टभर धावणं झेपणार नाही. पॅट स्वतः त्याच पद्धतीनं खेळून वर आलेली. सत्तरच्या दशकात तिनं आपल्याच राज्याच्या शाळांविरुद्ध तोंड उघडलं. या पद्धतीनं खेळलेली मुलगी महाविद्यालयीन संघाच्या उपयोगाची राहत नाही, मग तिला शिष्यवृत्ती कशी द्यायची, असा तिचा सवाल होता. दशक संपता संपता टेनेसीच्या शाळांना पाचजणींचा खेळ घ्यावा लागला. ती एकटी नव्हती, एका शाळकरी मुलीनं कोर्टातही दावा लावला होता. पण ज्या गावांतून आपल्याला खेळाडू आणायच्यात, त्याच गावांचा रोष पत्करायला धीर लागतो.

मी: हे मात्र मी लेखात घेईन. याची चर्चा फारशी होत नाही.

आत्या: घे. आणि तिच्या बापाबद्दलही लिही. तंबाखूची शेती, गाई, गवताच्या गंजी. तीन थोरल्या भावांबरोबर ही गवताच्या माळ्यावर रिंग लावून खेळायची. ज्या भागात राहत होते तिथल्या शाळेत मुलींचा संघ नव्हता, म्हणून बापानं बिऱ्हाड हलवून हेन्रिएटाला नेलं. हिच्या खेळापायी! पन्नास-साठच्या दशकांतला शेतकरी बाप!

मी: आणि तोच बाप कधी कौतुकाचा शब्द काढायचा नाही, कामात कुचराई झाली तर मार द्यायचा. आता मी मूळ मुद्द्यावर येते, आत्या. समिटची शिस्त. सुरुवातीच्या वर्षांत एकदा मुली आदल्या रात्री पार्टी करून आल्या, तेव्हा तिनं जिमच्या चार कोपऱ्यांत कचऱ्याचे डबे ठेवले आणि उलट्या होईपर्यंत त्यांना पळवलं. ही गोष्ट तिचे चाहते हसत हसत सांगतात. मला हसू येत नाही. आपल्याकडे किती मुली अशाच कुणा सरांच्या धाकानं खेळ सोडून गेल्या, हे तू माझ्यापेक्षा जास्त पाहिलंयस.

आत्या: पाहिलंय. मी स्वतः डबे ठेवले नसते. पॅटनंही पुढे कबूल केलं की आरंभीच्या वर्षांत ती फार कडक होती, मुलींना समजून घ्यायला तिला वेळ लागला. पण तू तो एक प्रसंग उचलून सगळी कारकीर्द त्याच्यात बसवू नकोस. तिच्या सरावातली दुसरी एक रीत सांगते. प्रशिक्षकानं चूक दाखवली की मुलीनं एकच शब्द म्हणायचा, ‘रिबाउंड’. कौतुक केलं तर म्हणायचं, ‘टू पॉइंट्स’.

मी: म्हणजे?

आत्या: चूक दाखवली की मुलं काय करतात? सबब सांगतात, तोंड पाडतात, किंवा ऐकूच येत नाही असं दाखवतात. इथे ‘रिबाउंड’ म्हणालीस की, ऐकलं, पोचलं, पुढे चल, एवढा अर्थ. नेम चुकला म्हणून खेळ थांबत नाही, चेंडू अजून जिवंत आहे. आणि ‘टू पॉइंट्स’चं महत्त्व आणखी जास्त. चुकीचा ओरडा सगळ्यांना ऐकू जातो, शाबासकी हवेत विरून जाते. ती ऐकल्याची पोच दिली की मनावर ठसते. मी हे वाचलं आणि आमच्या सरावात लगेच सुरू केलं. आमच्या पोरी ‘टू पॉइंट्स’ म्हणायला लाजायच्या. कौतुक मान्य करायची सवयच नव्हती त्यांना.

मी: कल्पना छान आहे. पण यात मुलीला उलट बोलायची सोय कुठेय? प्रशिक्षकाचंच चुकलं असेल तर?

आत्या: सामना चालू असताना वाद घालायला वेळ नसतो गं. थांब, रिबाउंड कसा घेतात ते दाखवते, ऊठ. तू मागे उभी राहा. चेंडू रिंगवर आदळला की सगळ्यांच्या माना वर जातात. शिकलेली मुलगी वर बघत नाही. ती आधी आपल्या अंगावरची प्रतिस्पर्धी कुठाय ते बघते, पाय रोवून वळते, तिच्याकडे पाठ करते. गुडघे वाकवायचे, कंबर अशी मागे न्यायची, तिच्या मांडीला भिडवायची, हात पसरायचे. आता ये पुढे. ये ना!

मी: येता येत नाहीये.

आत्या: तू माझ्याहून वीतभर उंच आहेस, वयानं निम्मी आहेस, तरी अडकलीस. आता मी चेंडूकडे बघणार. सगळा मिळून सेकंद-दीड सेकंदाचा मामला. हे शिकवताना जीव जातो, कारण यात नाव होत नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात बास्केट टाकणारीचा फोटो येतो. पॅटचे संघ जिंकायचे ते बचावावर आणि रिबाउंडवर. अंगात बळ असलेल्या मुलींशी भिडायची सवय व्हावी म्हणून तिनं विद्यापीठातल्या साध्या विद्यार्थ्यांना, मुलांना, सरावात मुलींसमोर उभं केलं. पुढे कितीतरी विद्यापीठांत तीच पद्धत पडली. हे सगळं रोज, महिनोन् महिने करून घ्यायचं तर गोड बोलून भागत नाही. कडकपणा लागतो.

मी: कडकपणा आणि क्रौर्य यांच्यातली रेघ कोण आखणार? आखणारी व्यक्ती जिंकत असेल तर सगळे माना डोलावतात. हरणाऱ्या प्रशिक्षकानं डबे ठेवले असते तर त्याला काढून टाकलं असतं. जिंकणाऱ्याचे डबे आख्यायिका होतात. गौरवाचे लेख वाचून एखादा तरुण प्रशिक्षक नेमकं तेवढंच उचलतो. त्याला ती ३८ वर्षं दिसत नाहीत, डबे दिसतात.

आत्या: हे बरोबर आहे तुझं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण मला विचारशील तर रेघ इथे असते, की मुलीचं खेळणं संपल्यावर तिच्या हातात काय राहिलं? टेनेसीत खेळण्याची मुदत पूर्ण केलेली पॅटची प्रत्येक खेळाडू पदवीधर झाली. प्रत्येक! वर्गात पहिल्या तीन ओळींतच बसायचं असा नियम. तास बुडवला की सामना बुडाला, मग ती संघाची तारका असेना का. महाविद्यालयीन खेळात असं होत नाही, बाळा. खेळाडूला चार वर्षं वापरतात, परीक्षांचं कुणीतरी बघून घेतं, आणि गुडघा गेला की ती घरी बसते.

मी: तो पदव्यांचा मुद्दा मला आठ अजिंक्यपदांपेक्षा मोठा वाटतो, हे मान्य. पण तिथेही एक गोष्ट लक्षात ठेव. १९९६, ९७, ९८ अशी सलग तीन अजिंक्यपदं मिळवून देणारी शमीक्वा होल्ड्सक्लॉ पुढे आपल्या नैराश्याबद्दल जाहीरपणे बोलली. त्याचं खापर समिटवर फोडायचं नाही, तसं म्हणायला काही आधारही नाही. पण जिंकणारी, पदवीधर मुलगी म्हणजे सुखी मुलगी, असा हिशेब करता येत नाही. त्या काळात मुलींच्या मनाची चौकशी करायची पद्धतच खेळात नव्हती.

आत्या: नव्हती. आम्हीही विचारत नव्हतो. पायाला काय झालं एवढंच विचारायचो.

मी: आणि समिट स्वतःलाही तसंच वागवायची. सप्टेंबर १९९० मधली ती विमानाची गोष्ट घे. दिवस भरलेले असताना मिशेल मार्सिनिअॅक नावाच्या खेळाडूला संघात घ्यायला ती पेन्सिल्व्हेनियाला तिच्या घरी गेली. तिथेच कळा सुरू झाल्या. परतीच्या वाटेवर वैमानिक म्हणाले, व्हर्जिनियात उतरू. ही म्हणाली, नाही. का, तर त्याच वर्षी मार्चमध्ये व्हर्जिनिया विद्यापीठानं जादा वेळेत टेनेसीला हरवलं होतं, आणि अंतिम चौघांची स्पर्धा नॉक्सव्हिललाच असताना घरच्या संघाला ती बाहेर बसून बघावी लागली होती. मूल जन्मलं ते नॉक्सव्हिललाच. ही गोष्ट सगळे कौतुकानं सांगतात. मला ती वाचताना भीती वाटते.

आत्या: मला राग येतो. तिच्यावर नाही. दिवस भरलेली बाई विमानात का बसली? कारण ती त्या महिन्यात घरी राहिली असती तर ती खेळाडू दुसऱ्या विद्यापीठानं पळवली असती, आणि लोक म्हणाले असते, बायकांना प्रशिक्षक केलं की असं होतं. शेवटी मार्सिनिअॅक आधी नोटर डेम विद्यापीठात गेलीच! मग तिथून टेनेसीत आली, आणि १९९६ च्या अजिंक्यपदात अंतिम फेरीतली सर्वोत्तम खेळाडू ठरली. तो मुलगा टायलर पुढे संघाच्या बाकाजवळ वाढला. पॅटला पुरुषांच्या संघाचं प्रशिक्षकपद घेशील का म्हणून विचारणा झाली होती, ठाऊक आहे ना? तिनं नाही म्हटलं. मुलींच्या संघाकडून मुलांच्या संघाकडे जाणं म्हणजे वर चढणं, हेच तिला मान्य नव्हतं. तिच्या सगळ्या विजयांत हा मला फार मोठा वाटतो.

मी: इथे मला तुझं पटतं, आणि इथेच लेखाला जोर आणता येईल. कारण नंतर जे झालं ते वाईट आहे. १९७२ मध्ये अमेरिकन महाविद्यालयांतल्या मुलींच्या संघांचे नव्वद टक्क्यांहून जास्त प्रशिक्षक बायका होत्या. २००६ पर्यंत हे प्रमाण ४२ टक्क्यांच्या आसपास आलं. पैसा नव्हता तोवर व्हॅन चालवायला बायका चालत होत्या. पगार लाखांत गेले तशा त्या जागांवर पुरुष येऊन बसले. वर्षाला दहा लाख डॉलरवर पोचलेली पहिली स्त्री प्रशिक्षक समिटच, पण तिच्यामागून चालत येणाऱ्या बायकांची वाट त्याच काळात अरुंद होत गेली.

आत्या: म्हणून तिनं घडवलेल्या माणसांची नावं लिही. कॅरोलिन पेक तिच्या हाताखाली सहायक होती. १९९९ मध्ये तिनं पर्ड्यू विद्यापीठाला अजिंक्यपद मिळवून दिलं, असं करणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री प्रशिक्षक. केली हार्पर टेनेसीतच खेळली आणि पुढे त्याच संघाची प्रशिक्षक झाली. कॅरा लॉसन ड्यूक विद्यापीठाचा संघ सांभाळते. होली वॉर्लिक तर पॅटची खेळाडू, मग वर्षानुवर्षं तिची सहायक, आणि तिच्यानंतर तिच्या जागेवर. हे विक्रम कुणी मोडू शकत नाही.

मी: शेवटचा हंगाम कसा लिहू? तिथे लोक फार भावनेच्या आहारी जातात.

आत्या: जसा झाला तसा लिही. ऑगस्ट २०११, वय ५९. अल्झायमर झाल्याचं तिनं स्वतः जाहीर केलं. लपवून हंगाम काढता आला असता, पण मुलींना आणि सहायकांना खरं कळायला हवं होतं. हंगामभर ती बाकावर बसली. डाव आखणं, पत्रकारांना सामोरं जाणं बरंचसं वॉर्लिक आणि बाकीच्यांनी उचललं. दुसऱ्या संघांचे पाठीराखेसुद्धा तिच्या नावाचे टी-शर्ट घालून येऊ लागले. २०१२ मध्ये त्या हंगामात एकही सामना न हरलेल्या बेलर विद्यापीठानं टेनेसीला बाद फेरीत रोखलं, अंतिम चौघांत जायला एकच सामना उरला असताना. एप्रिलमध्ये ती पायउतार झाली. आजारावरच्या कामासाठी तिनं निधी उभा केला, त्याला पहिले दहा हजार डॉलर दिले ते ऑरिएमानं. ज्याच्या संघाशी खेळणंच तिनं २००७ नंतर बंद केलं होतं, त्यानं!

मी: जून २०१६ मध्ये ती गेली. चौसष्ट वर्षांची होती. विद्यापीठात तिचा पुतळा आहे, कोर्टला तिचं नाव आहे, राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते स्वातंत्र्यपदक मिळालं. गौरवात काही कमी राहिलं नाही. तरी मला वाटतं, पुतळा उभारणं सोपं आहे. बाकावर बाई बसवायला खर्च येतो, आणि तो खर्च दरवर्षी करावा लागतो.

आत्या: हे लिही. असंच लिही. आणि आपल्याकडचंही लिही. मी निवृत्त झाले त्या कॉलेजात माझी जागा भरलीच नाही अजून. तासिका तत्त्वावर कुणीतरी येतं, वर्ष संपलं की जातं. मुलींचा संघ आहे म्हणतात. सराव मुलांचे सर घेतात, वेळ मिळाला तर.

मी: समिटच्या लेखात हे बसेल?

आत्या: २५० डॉलरच्या शेजारी बसेल. तीही तात्पुरतीच नेमलेली होती, कायम केली म्हणून ३८ वर्षं झाली. बरं, डब्यांचं काय करणारेस?

मी: डबे येणार. आणि ‘रिबाउंड’चा परिच्छेद त्याच्या अगदी पुढे.

आत्या: मी असते तर उलट क्रमानं लिहिलं असतं.

मी: मला ठाऊक आहे. पण लेख माझ्या नावानं छापून येणार आहे, आत्या.